पांझरेकाठचा अभियंता अन् शहराचं सांडपाणी

असोदा (ता. जळगाव) : १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. ज्यांच्या जन्मदिनी तो होतो, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला आपल्या खान्देशात काम केलंय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

कर्नाटकातलं मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लवकर गेले. शिकवण्या घेऊन बंगळूरला शिकले, मग शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले अन् १८८३ मध्ये अभियांत्रिकीत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता झाले. साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेवर नळांचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. पुराशी अन् गाळाशी झगडत त्यांनी ते पुरं केलं.

खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. पण गटारं हाही त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय होता. १९०६ मध्ये एडनला पाणीपुरवठा अन् सांडपाण्याच्या पाहणीसाठी त्यांनाच धाडलं. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुरानं हैदराबादेत हजारो माणसं गेली. निजामानं त्यांना बोलावलं. त्यांनी वरच्या अंगाला धरणं सुचवली, अन् सांडपाणी उघड्यावर न वाहू देता जमिनीखालच्या नळांतून शहराबाहेर न्यायची योजनाही आखली.

धरणं झाली. उस्मानसागर १९२० मध्ये, हिमायतसागर १९२७ मध्ये. गटारंही झाली, पण शहर त्यांच्यापुढं धावलं. आज मुसीत शहराचं सांडपाणी वाहतं अन् खालच्या गावांत त्यावरच चारा पिकतो.

हे दूरचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात तापी, गिरणा अन् पांझराही होत्या. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीतला प्राणवायू खातं, नायट्रेट विहिरींत उतरतं, क्षार जमिनीत साचतात. नाला एका दिवसात साफ करता येतो, जमीन सुधारायला वर्षं जातात.

१४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी ओलांडून, विश्वेश्वरय्या बंगळूरला वारले. शहरात नळाचं पाणी आणताना ते वापरून झाल्यावर जाणार कुठं, हे आधी ठरवावं लागतं, हा त्यांच्या कामाचा धडा. तो शहरानं विसरला, की भोगायचं शहरालगतच्या गावांनी. म्हणून ग्रामसभेत रस्त्याइतकाच नाल्याचाही प्रश्न विचारला पाहिजे.