गोलरक्षकाचा हिशेब

भारतीय हॉकीच्या इतिहासात गोल करणारे ठळक अक्षरांत नोंदले गेले. अडवणारे मात्र समासात राहिले. म्हणूनच शंकर लक्ष्मण यांचे चरित्र मला पुन्हा सांगावेसे वाटते.

1933 साली महू या छावणीच्या गावी त्यांचा जन्म झाला. सैन्यात बँड पथकातून सुरुवात करून ते मराठा लाइट इन्फंट्रीचे आणि पुढे देशाचे गोलरक्षक झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने 38 गोल केले; भारतावर एकही झाला नाही. 1960 मध्ये रोमला पाकिस्तानने एकमेव गोलावर सुवर्णपदक नेले. 1964 मध्ये टोकियोत मोहिंदरलाल यांच्या गोलाने मिळालेली आघाडी लक्ष्मण यांनी अखेरपर्यंत राखली. पाकिस्तानविरुद्ध तीन अंतिम सामने आणि स्वीकारलेला गोल एकच! 1966 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकचे आशियाई सुवर्णपदक जिंकले. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्रीही त्यांना लाभले.

1979 मध्ये ते कॅप्टन पदावरून सैन्यातून निवृत्त झाले. पायाला गँगरीन होऊन 2006 मध्ये महूतच त्यांचे निधन झाले, तेव्हा उपचारांचा खर्च कुटुंबाला पेलवेनासा झाला होता.

प्रशासनात मी एक गोष्ट सातत्याने पाहिली. सन्मानाच्या फाइलीला समारंभाची तारीख असते, म्हणून ती वेळेवर हलते. आजारपणातील मदतीला मात्र आधी अर्ज करावा लागतो. ज्यांनी देशाची लाज राखली, त्यांची वृद्धापकाळातील शुश्रूषा अर्जावर अवलंबून नसावी. ती हक्काची असावी.