लोकनायकांचे अखेरचे पर्व

लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव निघाले की संपूर्ण क्रांती, आणीबाणी आणि जनता पक्ष आठवतो. त्यांच्या आयुष्याची शेवटची चार वर्षे एका यंत्राच्या आधाराने गेली आणि त्या वर्षांचा मोठा भाग मुंबईत घडला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

सिताबदियारा या गावी ११ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेल्या जयप्रकाशांचे महाराष्ट्राशी नाते जुने होते. अमेरिकेत सात वर्षे शिकून १९२९ साली ते परतले. १९३२ साली अटक होऊन नाशिकच्या कारागृहात आले. मिनू मसानी, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता यांच्या सहवासात तेथेच काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. पुढे विनोबांच्या भूदानाने त्यांना ओढून घेतले. १९५४ साली बोधगया येथे त्यांनी जीवनदान जाहीर केले आणि वर्धा जिल्ह्यातील पवनार हे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे एक केंद्रच झाले. १९७४ साली बिहारच्या आंदोलनावरून मात्र सर्वोदय परिवारातच दुफळी माजली. विनोबांना मानणारे आणि जयप्रकाशांबरोबर जाणारे असे दोन तट पडले. नाचणगाव-पुलगावपासून सेवाग्रामपर्यंतच्या या मुलखात सर्वोदयाचे काम घरोघर माहीत होते, त्यामुळे त्या मतभेदाची झळ येथे अधिक जाणवावी हे स्वाभाविक होते.

प्रकृती तोवर खालावली होतीच. जुना मधुमेह होता, हृदयविकार होता. एप्रिल १९७३ मध्ये पत्नी प्रभावतीदेवींचे कर्करोगाने निधन झाले. वर्षभराने, आंदोलन ऐन भरात असताना, त्यांना प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी वेल्लोरला जावे लागले. तेथून परतताच ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

२६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीत त्यांना अटक झाली. लवकरच चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेत स्थानबद्ध करून ठेवण्यात आले. तेथे त्यांनी दैनंदिनी लिहिली. सप्टेंबरच्या अखेरीस पोटदुखी सुरू झाली, अशक्तपणा वाढला. १२ नोव्हेंबरला पॅरोलवर सुटका झाली, तेव्हा माणूस खंगून गेला होता. २२ नोव्हेंबरला त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान पक्के झाले. जसलोकचे उद्घाटन १९७३ साली इंदिरा गांधी यांच्याच हस्ते झाले होते, हा नियतीचा विचित्र योग म्हणावा लागेल.

स्थानबद्धतेत उपचारांची हेळसांड झाली काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला गेला. स्वतः जयप्रकाशांच्या मनातही शंका होती. जनता सरकारने डॉ. नागप्पा अल्वा यांच्याकडे चौकशी सोपवली. राजकारण बाजूला ठेवले, तरी या विकाराचा स्वभाव कपटी असतो हे लक्षात घ्यायला हवे. स्नायूंतून सतत निर्माण होणारे क्रिएटिनिन मूत्रपिंडे गाळून टाकतात. रक्तात ते वाढले की गाळणी बिघडली असे समजायचे. परंतु निम्मी शक्ती गेली तरी हा आकडा जेमतेम हलतो. वृद्ध, कृश माणसाच्या अंगात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी तयार होते आणि अहवाल दिलासा देत राहतो. जयप्रकाश तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि मधुमेह मूत्रपिंडांना आतून पोखरतो.

योगायोग असा की, ते डायलिसिसवर असताना, १९७६ साली, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोन संशोधकांनी यावर साधे गणित प्रसिद्ध केले. १४० मधून वय वजा करायचे, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणायचे आणि ७२ व क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचे. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचे. क्रिएटिनिन १.२ असलेला २५ वर्षांचा, ७२ किलोंचा तरुण घेतला तर उत्तर मिनिटाला सुमारे ९६ मिलिलिटर येते. तेच क्रिएटिनिन ७३ वर्षांच्या, ५४ किलोंच्या वृद्धाचे असेल तर अवघे ४२! एकच आकडा, पण एकाची मूत्रपिंडे धडधाकट आणि दुसऱ्याची निम्म्याहून अधिक थकलेली. पुढे १९९९, २००९ आणि २०२१ साली याहून सुधारित समीकरणे आली आणि आता अनेक प्रयोगशाळा क्रिएटिनिनच्या खाली हा अंदाज आपणहून छापतात. जयप्रकाशांच्या वेळी अशी सोपी रीत डॉक्टरांमध्ये रूढ झालेली नव्हती. चोवीस तासांची लघवी जमवून मोजमाप करणे हाच नेहमीचा मार्ग होता.

डायलिसिस तेव्हा अत्यंत खर्चिक होते. पंतप्रधान साहाय्यता निधीतून इंदिरा गांधींनी पाठविलेले ९० हजार रुपये जयप्रकाशांनी परत केले. त्यांच्या चाहत्यांनी लोकांकडून एकेक रुपया गोळा केला आणि त्यातून यंत्राची सोय झाली. १९७६ च्या जुलैत ते पाटण्याला कदमकुआँतील घरी परतले. आठवड्यातून अनेक तास यंत्राला जखडलेल्या या वृद्धाने १९७७ च्या निवडणुकीत प्रचार केला, विरोधकांना एका झेंड्याखाली आणले आणि २४ मार्चला राजघाटावर नव्या खासदारांना शपथ दिली. सत्तेचे कोणतेही पद त्यांनी घेतले नाही. त्या सरकारातील भांडणे पाहून ते व्यथित झाले, पण ती मिटविण्याइतके बळ अंगात उरले नव्हते.

मार्च १९७९ मध्ये ते पुन्हा जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची खोटी वार्ता दिल्लीला पोहोचली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ती संसदेत जाहीर केली आणि श्रद्धांजली वाहून सभागृह तहकूबही झाले. जयप्रकाश जिवंत होते. त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, सत्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, पाटण्याच्या घरी त्यांनी देह ठेवला.