स्टीफन फॉस्टर : गोड चालीमागचे कटू शब्द

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै १८२६ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी पेनसिल्व्हानियातील पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिल येथे स्टीफन कॉलिन्स फॉस्टर यांचा जन्म झाला. सर्व माणसे समान असल्याचे जाहीरनाम्याने सांगितले होते. पण दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय माणसांची खरेदी-विक्री राजरोस चालू होती. हीच विसंगती पुढे फॉस्टर यांच्या गाण्यांतही उतरली. त्यांच्या चाली एकदा ऐकल्या की मनातून जात नाहीत. शब्द मात्र नीट लक्ष देऊन ऐकले की अस्वस्थ करतात.

फॉस्टर यांना लहानपणापासून संगीताची ओढ होती. पिट्सबर्गमधील जर्मन संगीतकार हेन्री क्लेबर यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. मात्र गाणी लिहून पोट भरता येते, असे त्या काळी कोणी मानत नसे. त्यामुळे तरुण वयात ते सिनसिनाटीला भावाच्या पेढीत हिशेबनीस म्हणून काम करू लागले आणि फावल्या वेळात गाणी रचू लागले.

त्या काळी अमेरिकेत ‘मिन्स्ट्रेल’ खेळांची चलती होती. गोरे नट जळलेल्या बुचाच्या काजळीने चेहरे काळे करून कृष्णवर्णीयांच्या बोलण्या-चालण्याची नक्कल करीत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. नव्या गाण्यांना सर्वांत मोठी मागणी याच रंगमंचाकडून होती. फॉस्टर यांनी आपले गाणे तेथेच नेले.

‘ओह! सुझाना’ हे गाणे ११ सप्टेंबर १८४७ रोजी पिट्सबर्गमधील एका आइस्क्रीमगृहात प्रथम सादर झाले. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या हजारोंच्या तोंडी ते होते. पुढे ते जगभर बालगीत म्हणून पोहोचले. परंतु मुलांच्या पुस्तकांत न सापडणारे एक कडवे मूळ गाण्यात आहे. विजेच्या प्रवाहाने पाचशे कृष्णवर्णीय मेल्याचा उल्लेख त्यात केवळ विनोद म्हणून येतो आणि त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आज शिवी मानला जातो.

या गाण्यातून फॉस्टर यांना जेमतेम शंभर डॉलर मिळाल्याचे सांगतात. अनेक प्रकाशकांनी ते परस्पर छापून नफा कमावला. तरीही १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फर्थ, पाँड अँड कंपनी’शी करार करून फॉस्टर यांनी गीतलेखन हाच व्यवसाय केला. १८५० मध्ये जेन मॅकडॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आपल्या गाण्यांतील खोट त्यांना जाणवत नव्हती, असे म्हणता येत नाही. १८५१ मधील ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ हे गाणे त्यांनी मिन्स्ट्रेल कंपनीचे मालक ई. पी. क्रिस्टी यांना त्यांच्याच नावाने छापू दिले. अशा गाण्यांमुळे प्रतिष्ठित समाजात आपले नाव खराब होईल, ही भीती त्यामागे होती. गाणे तुफान गाजल्यावर, १८५२ मध्ये, त्यांनी क्रिस्टी यांना पत्र लिहून आपले नाव परत मागितले. या प्रकारच्या गाण्यांतील हीन आणि अवमानकारक शब्द काढून सभ्य लोकांना रुचेल अशी भाषा आपण आणली, असा त्यांचा दावा होता. क्रिस्टी यांनी मात्र ही मागणी मान्य केली नाही.

हा दावा अर्धाच खरा होता. ‘नेली वॉज अ लेडी’ या गाण्यात कृष्णवर्णीय पुरुष आपल्या मृत पत्नीचा शोक करतो आणि एरवी गोऱ्या स्त्रियांसाठीच राखलेली ‘लेडी’ ही उपाधी तिला देतो. १८५३ च्या ‘माय ओल्ड केंटकी होम’वर ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीची छाया आहे. त्यातील गुलाम घरापासून तोडला जाऊन दूर दक्षिणेतील उसाच्या मळ्यात मरणाची वाट पाहतो. मिन्स्ट्रेल नटांवर कठोर टीका करणारे, स्वतः गुलामीतून निसटलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनीही १८५५ मध्ये या गाण्यात गुलामांविषयी सहानुभूती जागवण्याची शक्ती असल्याचे मान्य केले. पण कृष्णवर्णीयांसाठीचा अवमानकारक शब्द त्यातही होताच. ‘ओल्ड फोक्स ॲट होम’मधला माणूस तर मळ्यावरच्या जुन्या दिवसांसाठी झुरतो. त्यातील सुवानी नदी फॉस्टर यांनी कधी पाहिली नव्हती. तिचे नाव नकाशातून घेतले होते. गुलामीचा मळा त्यांनी श्रोत्यांसाठी मायेचे घर करून टाकला.

त्यांची अखेर करुण झाली. १८५७ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे त्यांनी आपल्या गाण्यांचे पुढील सारे हक्क सुमारे १,८७२ डॉलरना विकले. संसार विस्कटला, दारूचे व्यसन बळावले. १३ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जवळच्या पाकिटात ३८ सेंट होते. अमेरिकेतील गुलामी कायद्याने संपली ती पुढच्या वर्षी.

गाणी मात्र राहिली. १९२८ मध्ये केंटकीने आणि १९३५ मध्ये फ्लोरिडाने त्यांची गाणी राज्यगीते म्हणून स्वीकारली. १९५७ मध्ये कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांनी सुवानीच्या गाण्याला स्वतःचा ठेका दिला. १९८६ मध्ये जपानी विद्यार्थ्यांच्या एका गटाने केंटकीच्या विधिमंडळात राज्यगीत मूळ शब्दांसह गायले, तेव्हा कृष्णवर्णीय सदस्य कार्ल हाइन्स यांनी ठराव मांडून तो अवमानकारक शब्द बदलून घेतला. फ्लोरिडाने २००८ मध्ये तसेच केले. फॉस्टर यांच्या पायाशी बँजो वाजवणारा कृष्णवर्णीय दाखवणारा पिट्सबर्गमधील पुतळा २०१८ मध्ये हटवण्यात आला.

शब्द बदलल्याने गाणे गाणे सोपे झाले, यात शंका नाही. पण केंटकी डर्बीच्या शर्यतीपूर्वी हजारो प्रेक्षक उभे राहून जे गातात, ते केवळ पहिले कडवे आणि ध्रुवपद असते. उसाच्या मळ्यात पाठवलेल्या माणसाची व्यथा पुढच्या कडव्यांत आहे. अवमानाचा शब्द गेला, ते योग्यच झाले. पण ज्या दुःखासाठी डग्लस यांनी या गाण्याची दखल घेतली, ते दुःखही आता ऐकू येत नाही. चाल तेवढी उरली आहे, आणि ती आजही तितकीच गोड आहे.