पहाटेची शाळा : पंडिता रमाबाई
(द्वितीय वर्ष, कला)

व्याकरण म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे शाळेचा फळा आणि गुरुजींची छडी उभी राहते. परंतु ज्या स्त्रीच्या व्याकरणज्ञानापुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकवली, तिने शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता. तिची शाळा म्हणजे तिची आई, आणि शाळेची वेळ म्हणजे पहाट.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकवायचेच, हा त्यांचा निश्चय होता. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या विरोधामुळे तो सिद्धीस गेला नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्याजवळ बसून शिकली. बाईमाणसाला देववाणी शिकवणे हा त्या काळी अपराधच मानला जाई. शास्त्रीबुवांना पंडितांच्या सभेपुढे उभे राहून आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली.

रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुढे वर्षानुवर्षे पायी भटकंती, देवळांतून पुराण सांगणे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण, असा क्रम चालला. वडील थकले होते, म्हणून रमा आठ वर्षांची झाल्यावर लक्ष्मीबाईंनी तिचे शिक्षण हाती घेतले. दिवसभर कामाचा रगाडा असे, त्यामुळे अभ्यासाला पहाटेचीच वेळ सापडे. झोपेने पेंगणाऱ्या लेकीला त्या जवळ घेऊन उठवत आणि आईच्या तोंडून ऐकत ऐकत मुलगी म्हणू लागे. व्याकरण, कोश आणि भागवताचे हजारो श्लोक तिने असे मुखोद्गत केले. सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हा पाठ चालला. या शिकवणुकीचे खरे फळ असे की, पुढे कोणाच्या फारशा मदतीवाचून आपले आपण शिकण्याची ताकद त्या मुलीत आली.

पण या घरच्या शाळेला एक मोठी उणीवही होती. संस्कृतवाचून दुसरी विद्या तिथे वर्ज्य होती आणि हातांनी पोट भरण्याचे काम तर कोणालाच शिकवलेले नव्हते. 1874 च्या सुमारास दुष्काळाने गाठले, तेव्हा एवढ्या विद्वान कुटुंबावर उपाशी मरण्याची पाळी आली. आधी वडील गेले, काही महिन्यांत आई आणि मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात, तेव्हा रमा पुढे झाली. ती ठेंगणी होती, म्हणून तिरडीचे आपल्याकडचे टोक तिने डोक्यावर घेतले. जिने पहाटे मांडीशी घेऊन शिकवले, तिला तिने असे पोचवले.

भावासह फिरत ती 1878 मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथे विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातिबंधन झुगारून विवाह केला. 1882 मध्ये पतीही गेले आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकता शिकता संस्कृतही शिकवले.

लक्ष्मीबाईंसारखी आई प्रत्येक मुलीच्या वाट्याला येत नाही, हे रमाबाईंनी जाणले होते, असे मला वाटते. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. धर्मांतरावरून पुढे मोठा वाद माजला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, तरी त्या डगमगल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला, आणि तिथे अक्षरांबरोबर शेती, विणकाम, छापखाना हेही शिकवले. ज्या अज्ञानापायी आपले घर उपाशी मेले, ते या मुलींच्या वाट्याला त्यांनी येऊ दिले नाही. अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत लिहिले. आश्रमातल्या बायकाच त्या बायबलाचे खिळे जुळवीत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आईला अक्षरओळख नाही. संध्याकाळी मी धाकट्या भावाकडून विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घेते, तेव्हा ती भाकऱ्या थापत असते. परवा तो तृतीयेत ‘ने, ए’ म्हणून अडला. मी काही बोलण्याआधीच परातीवरून नजर न उचलता आई म्हणाली, ‘शी’.