लॉर्ड बेकन : उत्कर्ष, अधःपात आणि उत्तरायुष्य

थोरांच्या चरित्रांत त्यांचे गुण तेवढे गाण्याचा प्रघात आहे. फ्रान्सिस बेकनच्या बाबतीत तसे केल्यास त्या चरित्राचा खरा बोध हरवेल, असे आम्हांस वाटते.

बेकनचा जन्म २२ जानेवारी १५६१ रोजी लंडन येथे झाला. वडील सर निकोलस हे एलिझाबेथ राणीचे मुद्राधिकारी होते. परंतु ते १५७९ मध्ये वारले आणि या धाकट्या पुत्राच्या वाट्यास अल्प मिळकत आली. वकिलीचा अभ्यास करून तो तरुणपणीच पार्लमेंटात शिरला. अर्ल ऑफ एसेक्स याने त्याला जमीन दिली, त्याच्यासाठी दरबारी शब्द टाकला. त्याच एसेक्सवर १६०१ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा बेकन सरकारपक्षातर्फे उभा राहिला. पुढे जेम्स राजाच्या अमदानीत त्याचे दैव उजळले. १६१३ मध्ये तो ॲटर्नी जनरल व १६१८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाला. निरीक्षण व प्रयोग हाच ज्ञानाचा मार्ग होय, असे प्रतिपादणारा त्याचा महाग्रंथ १६२० मध्ये प्रसिद्ध झाला.

जानेवारी १६२१ मध्ये त्याला व्हायकाउंट ही पदवी मिळाली, आणि चार महिन्यांच्या आत सर्वस्व गेले. त्याच्या न्यायासनासमोर ज्यांचे दावे चालू होते, अशा पक्षकारांकडून त्याने द्रव्य घेतले होते. नवलाची गोष्ट ही, की प्रथम तक्रार करणाऱ्या ऑब्री व एगर्टन या दोघांनी अनुक्रमे १०० व ४०० पौंड देऊनही निकाल त्यांच्या विरुद्धच लागला होता! नजराण्यांची रूढी तेव्हा सर्वत्र होती आणि आपण पैशासाठी न्याय फिरवला नाही, असे बेकनचे म्हणणे होते. तथापि त्याने अपराध कबूल केला. ४०,००० पौंड दंड, टॉवरमध्ये कैद, आणि सरकारी पदे व पार्लमेंट यांची कायमची बंदी, अशी शिक्षा झाली. कैद थोड्याच दिवसांत सुटली, दंडही राजाने माफ केला. बंदी मात्र राहिली.

उरलेली पाच वर्षे त्याने लेखनास वाहिली. सातव्या हेन्रीचा इतिहास १६२२ मध्ये आला. आमच्याकडील महाविद्यालयांतूनही वाचल्या गेलेल्या निबंधांची वाढविलेली आवृत्ती १६२५ मध्ये निघाली. ९ एप्रिल १६२६ रोजी हायगेट येथे त्याचा अंत झाला. बर्फाने मांस टिकते काय, हे पाहताना त्याला थंडी बाधली, अशी आख्यायिका आहे.

बेकनची विद्वत्ता त्याला मोहापासून वाचवू शकली नाही. पतनानंतर मात्र तिनेच त्याला सावरले. नजराण्याने निकाल फिरो वा न फिरो, न्यायावरील लोकांचा विश्वास उडतो. अधिकारपदाची आकांक्षा धरणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनी एवढे ध्यानी धरले, तरी हे चरित्र सांगितल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.