चांदण्यातील शाळा : कोरा विल्सन स्ट्यूअर्टबाई यांचे चरित्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे नाव काढले की आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे गगनाला भिडणाऱ्या इमारती व आगगाड्यांचे जाळे उभे राहते. परंतु त्याच देशात केंटकी नावाचे एक संस्थान आहे, व त्याच्या पूर्व भागात असा डोंगराळ मुलूख आहे की तेथे शंभर वर्षांपूर्वी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जावयाचे तर ओढ्याच्या पात्रातूनच वाट काढावी लागे. ह्या मुलखात रोवन नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्यासारखा विभाग आहे. इ. स. १९१० च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या साडेनऊ हजारांच्या आतच भरली. तिचे मुख्य ठिकाण मोरहेड. दुसरे गाव फार्मर्स, तेथे इमारती लाकडाचा व्यापार चाले. बाकी सारी वस्ती दऱ्याखोऱ्यांतून विखुरलेली. ज्या बाईंचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत त्यांचे नाव ह्या काउंटीशी कायमचे जोडले गेले आहे.

कोरा विल्सन यांचा जन्म ता. १७ जानेवारी १८७५ रोजी झाला. वडील वैद्यकी करीत. आई शिक्षिका होती. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा त्या मुलखात मोठेच अरिष्ट ओढवले. इ. स. १८८४ साली निवडणुकीच्या दिवशी मोरहेड येथे गोळीबार झाला व त्यातून दोन घराण्यांमध्ये व त्यांच्या पक्षांमध्ये असे हाडवैर पेटले की तीन वर्षांत सुमारे वीस माणसे प्राणास मुकली. जून १८८७ मध्ये भर गावात लढाई होऊन हे प्रकरण एकदाचे मिटले. परंतु तोपर्यंत काउंटीची इतकी अपकीर्ती झाली होती की ती मोडून टाकावी की काय, असा विचार संस्थानच्या कायदेमंडळात चालला होता.

त्याच वर्षी, रक्त वाळले न वाळले तोच, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट ह्या ख्रिस्ती मंडळीच्या वतीने फीबी बटन नावाच्या बाई व त्यांचे चिरंजीव फ्रँक हे मोरहेडास येऊन राहिले व त्यांनी तेथे एक शाळा काढली. पहिल्या दिवशी शाळेत एकच विद्यार्थिनी आली. परंतु ही शाळा पुढे वाढली, तिच्यात शिक्षक तयार होऊ लागले, व इ. स. १९२२ साली संस्थानाने मोरहेड येथे सरकारी अध्यापन विद्यालय स्थापण्याचे ठरविले तेव्हा ते तिच्याच जागी उभे राहिले. कोरा विल्सन ह्या शाळेत शिकल्या. काही शिक्षण ओहायो संस्थानात जाऊन घेतले. आणि विसाव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या.

इ. स. १९०१ साली त्या रोवन काउंटीच्या शाळांच्या सुपरिंटेंडेंट म्हणून निवडून आल्या. ही जागा लोकांच्या मतांनी भरली जाई, आणि त्या काळी केंटकीतील स्त्रियांस सर्वसाधारण मताधिकार नव्हता, तो इ. स. १९२० साली मिळाला. अर्थात् मुख्यतः पुरुषांच्याच मतांवर एका सव्वीस वर्षांच्या तरुणीच्या हाती काउंटीतील सर्व शाळा आल्या. इ. स. १९०९ साली त्या पुन्हा निवडून आल्या. ह्या शाळा म्हणजे बहुतेक एका खोलीच्या व एकाच शिक्षकाच्या. लहानथोर सर्व वर्ग त्याच खोलीत. वर्षातील निम्मे महिनेच शाळा भरावयाची, व त्यातही पीक कापणीला आले की बाके रिकामी पडावयाची.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी दोन शब्दच पुरे. संसार त्यांस लाभला नाही. ज्यांचे आडनाव त्यांनी पुढे जन्मभर लाविले त्या स्ट्यूअर्ट नावाच्या शिक्षकाशी झालेला विवाहही इ. स. १९१० साली कायद्याने संपुष्टात आला, व एकुलते एक मूल तर तान्हेपणीच वारले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी जे काम हाती घेतले त्याचा व ह्या दुःखाचा संबंध काही लेखक जोडतात. आम्ही तसे म्हणत नाही. काम कोठून सुचले हे बाईंनी स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेविले आहे, व ते असे.

मोरहेड येथील त्यांच्या कचेरीत एक वृद्ध बाई कित्येक मैलांवरून येत असे. तिची मुलगी शिकागोस नोकरीला गेली होती. तिची पत्रे सुपरिंटेंडेंटबाईंनी वाचून दाखवावी व उत्तरही त्यांनीच लिहावे, असा क्रम होता. मध्यंतरी ती बरेच दिवस आली नाही. नंतर आली ती हातात पत्र घेऊन, पण वाचून घेण्यासाठी नव्हे. ओढ्यास पूर आला की तिला गावात येता येत नसे, व लेकीचे पत्र घरात तसेच मुके पडून राही. तेव्हा तिने एक अंकलिपी विकत आणली, व रात्ररात्र बसून ती स्वतःच वाचावयास व लिहावयास शिकली. दुसरा एक मध्यमवयीन मनुष्य कचेरीत बसला असता मेजावरील पुस्तके हाती घेऊन कुरवाळू लागला. एखादे घरी न्या म्हणताच त्याच्या डोळ्यांस पाणी आले, कारण त्यास अक्षर येत नव्हते. तिसरा एक तरुण. शाळेच्या समारंभात त्याने स्वतः रचलेला पोवाडा म्हटला. बाईंनी तो लिहून मागितला, तेव्हा असे कळले की त्याने कितीएक पोवाडे रचले, परंतु लिहिता येत नसल्यामुळे नवा सुचला की जुना विसरून जाई.

ह्या तिघांसाठी दिवसाची शाळा उपयोगाची नव्हती. दिवसा शेतावर काम, आणि बाके तर मुलांनी अडविलेली. रात्री शाळा भरवावी तर रस्ते खडकाळ, ओढ्यांवर पूल नाहीत, व जुन्या वैरामुळे अंधारात बाहेर पडण्याची धास्ती. म्हणून बाईंनी चांदण्या रात्री शाळा भरविण्याचे ठरविले. त्यांनी काउंटीतील शिक्षकांस एकत्र बोलाविले व विचारले की, दिवसभर मुलांस शिकवून रात्री मोठ्यांस फुकट शिकविण्यास तुम्ही तयार आहा काय? सर्व तयार झाले. शिक्षक म्हटला की पगाराची तक्रार करणारा, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ता. ४ सप्टेंबर १९११ हा सुटीचा दिवस होता. त्या दिवशी शिक्षक घरोघर हिंडले व प्रत्येकास आमंत्रण देऊन आले. दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेस तीन दिवस उरले असता, शाळा उघडल्या. सगळ्या काउंटीत मिळून दीडशे माणसे येतील असा बाईंचा अंदाज होता. आली बाराशे! कोणी तान्ही मुले कडेवर घेऊन आल्या, कोणी काठी टेकीत आले. सर्वांत लहान विद्यार्थी अठरा वर्षांचा व सर्वांत मोठा शहाऐंशी वर्षांचा होता. ह्यांपैकी सर्वच अक्षरशत्रू होते असे मात्र नाही. लहानपणी थोडे शिकून विसरलेले व अधिक शिकू इच्छिणारेही पुष्कळ होते.

मोठ्या माणसांच्या हाती लहान मुलांची अंकलिपी देणे म्हणजे त्यांस लाजविणे होय, हे बाईंनी ओळखले. प्रौढांसाठी पुस्तक तर कोठे मिळेना. तेव्हा त्यांनी एक छोटेसे वर्तमानपत्रच छापून काढले, व त्यात मोठ्या टाइपात लहान लहान वाक्यांनी काउंटीतीलच बातम्या दिल्या. कोणत्या खोऱ्यातील शाळेने काय केले, हे शेजारच्या खोऱ्यातील लोक वाचीत, आणि आपणही तसे करावे म्हणून ईर्ष्येस पेटत. अक्षरे खोदलेल्या जाड कागदावर पेन्सिल फिरवून आपले नाव गिरवावयाचे, हा पहिला पाठ. जो कोणी स्वतःच्या हाताने सुपरिंटेंडेंटबाईंस पत्र लिही, त्यास एक बायबल बक्षीस मिळे. वाचन-लेखनाबरोबर हिशेब, आरोग्य, शेती व नागरिकांची कर्तव्ये ह्यांचेही थोडथोडे पाठ देत.

दुसऱ्या वर्षी सोळाशे विद्यार्थी आले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. १९१३ साली, बाईंनी निरक्षर माणसांची नावनिशीवार यादी करविली, व ती ११५२ भरली. मग जो शाळेत येऊ शकत नव्हता त्याच्या घरी शिक्षण गेले. डॉक्टर आपल्या बऱ्या होत असलेल्या रोग्यास शिकवीत, पाळक आपल्या मंडळीतील माणसांस, मुले आईबापांस. इतकेच काय, गावातील खानावळीत वाढणाऱ्या मुलींस कचेरीतील टंकलेखिका शिकवीत. त्या वर्षाच्या अखेरीस बाईंच्या हिशेबी तेवीसच निरक्षर उरले. त्यांपैकी सहा आंधळे किंवा मंददृष्टीचे, पाच अंथरुणास खिळलेले, सहा मतिमंद किंवा अपस्माराने पीडलेले होते. दोन शाळा बंद होता होता काउंटीत राहावयास आले, आणि चौघांनी शिकावयाचे साफ नाकारले. ह्या शेवटच्या चौघांची नोंद बाईंनी लपवून ठेविली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

येथून पुढे काम एका काउंटीचे राहिले नाही. इ. स. १९११ सालीच त्या केंटकीच्या शिक्षणसंघाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या होत्या. इ. स. १९१४ साली संस्थानच्या कायदेमंडळाने निरक्षरता-निवारणाचा आयोग नेमला, परंतु आरंभी त्यास पैसा दिला नाही. बाईंनी तो गावोगाव हिंडून जमविला. इ. स. १९१५ पासून ‘कंट्री लाइफ रीडर्स’ ही त्यांची पुस्तके निघू लागली. त्यांत रस्ते, कर, दात घासणे, गाईगुरे असे शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचे धडे होते. इ. स. १९१७ साली महायुद्धासाठी नावे नोंदली गेली तेव्हा केंटकीच्या सुमारे तीस हजार तरुणांनी सहीच्या जागी फुली केली असे दिसून आले. त्यांच्यासाठी बाईंनी निराळे पुस्तक लिहिले व छावणीस निघण्यापूर्वी त्यांस शिकविण्याचे वर्ग काढविले.

हे सर्व खरे असले तरी चरित्रलेखकाने उणे झाकू नये. इ. स. १९१० साली केंटकीत २,०८,०८४ निरक्षर होते, इ. स. १९२० साली सुमारे १,५५,००० निघाले. आयोगाच्या वतीने लाखावर लोक साक्षर झाल्याचे सांगितले जाई. त्याशी हा आकडा जुळत नाही, आणि जी घट झाली तीतही वृद्ध निरक्षर माणसे मरण पावल्याचा काही भाग असलाच पाहिजे. नाव लिहावयास येणे व वर्तमानपत्र वाचता येणे ह्यांत अंतर आहे, आणि उत्साहाच्या भरात बाई ते पुष्कळदा विसरत. आणखी असे की, डोंगरी लोकांच्या अंगी शुद्ध इंग्रजी रक्त आहे ह्याचा अभिमान त्यांच्या लिखाणात उघड दिसतो. त्या काळी केंटकीत काळ्या व गोऱ्या मुलांस एका शाळेत बसविणे कायद्याने मना होते. काळ्या लोकांच्या रात्रीच्या शाळा पुढे निघाल्या त्या निराळ्या, व त्यांच्याच शिक्षकांनी चालविलेल्या.

इ. स. १९२० साली आयोगाची मुदत संपली व ती वाढविली गेली नाही. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांच्या नावे एक मत पडले होते, पण खुद्द केंटकीत त्यांचे काम थांबले. इ. स. १९२२ साली त्यांनी चांदण्यातील शाळांचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे राष्ट्रीय मोहीम उभारली, इ. स. १९२९ साली अध्यक्ष हूवर यांनी निरक्षरतेविषयी सल्लागार मंडळ नेमले त्यात त्या प्रमुख होत्या. तेथे विद्यापीठांतील शिक्षणशास्त्र्यांशी त्यांचा मतभेद झाला. शास्त्र्यांचे म्हणणे, प्रौढ शिक्षण हे दीर्घ मुदतीचे व तरबेज शिक्षकांचे काम आहे. बाईंचे म्हणणे, ज्यास येते त्याने शेजाऱ्यास शिकवावे, आणि आजच. दोन्ही पक्षांचे थोडेथोडे खरे होते असे आम्हांस वाटते. परंतु रोवन काउंटीतील शिक्षक तरबेज होण्याची वाट पाहात बसले असते, तर त्या वृद्ध बाईसारख्या कित्येकांचे दिवस तसेच सरले असते.

उत्तर वयात त्या ऑक्सफर्ड ग्रूप ह्या धार्मिक चळवळीत शिरल्या व लोकांच्या नजरेआड झाल्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, आणि ता. २ डिसेंबर १९५८ रोजी नॉर्थ कॅरोलायना संस्थानातील ट्रायन गावी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्यांची कागदपत्रे लेक्सिंग्टन येथे केंटकी विद्यापीठाच्या संग्रहात ठेविलेली आहेत.