जेऊरची दोन मिनिटं : आकाशाचा प्रकाश काचेवर पकडणारे कावसजी नायगमवाला

२०२४ च्या सप्टेंबर अखेरीस त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू पहाटे पूर्वेला क्षितिजालगत दिसत होता. अशा धूमकेतूचा फोटो काढायला सगळ्यात भारी जागा म्हणजे समुद्रकिनारा, कारण पाण्यावर क्षितिज मोकळं मिळतं, मध्ये इमारती नाहीत की झाडं नाहीत. बारामती-इंदापूरकरांकडे समुद्र नाही, पण उजनीचं बॅकवॉटर आहे. पळसदेव किंवा भिगवणच्या काठावर उभं राहिलात तर पाण्यापलीकडचं आकाश बऱ्यापैकी खाली उतरलेलं दिसतं.

इंदापुरातून ईशान्येला, सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवर, करमाळा तालुक्यातलं जेऊर लागतं. आपल्यासाठी ते दौंड-सोलापूर मार्गावरचं एक स्टेशन. पण जानेवारी १८९८ मध्ये आकाशाचे फोटो काढण्यासाठी याच जेऊरला पुण्याहून आणि थेट अमेरिकेहून शास्त्रज्ञ येऊन उतरले होते. पुण्याच्या पथकाचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. खगोलशास्त्राच्या इतिहासात हे नाव मोठं आहे, आपल्याकडच्या पोरांना मात्र ते फारसं माहीत नसतं. म्हणून आज त्यांची गोष्ट, आणि सोबत थोडं कॅमेऱ्याचं तंत्र.

भावनगरचे पाच हजार रुपये

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. १८७८ मध्ये ते एम.ए. झाले. विषय होते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना कॉलेजातल्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्या काळात ही रक्कम चांगलीच मोठी होती.

१८८२ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक प्रचंड तेजस्वी धूमकेतू आला. सूर्याजवळ असताना तो भर दिवसाही दिसला आणि नंतर कित्येक आठवडे पहाटेच्या आकाशात राहिला. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी एका स्थानिक फोटोग्राफरचा पोर्ट्रेट कॅमेरा दुर्बिणीवर बांधला आणि या धूमकेतूचे फोटो काढले. सगळ्यात लांब एक्स्पोजर दोन तासांहून जास्त होतं. प्लेट धुतल्यावर धूमकेतूच्या मागे ढीगभर तारेही उमटलेले दिसले. फोटोवरून अख्ख्या आकाशाचा नकाशा बनवता येईल, ही कल्पना तिथून जोर धरू लागली.

थोडक्यात, नायगमवाला यांच्या हातात पैसे आले नेमके त्या काळात, जेव्हा खगोलशास्त्र डोळ्यांकडून कॅमेऱ्याकडे वळत होतं.

१८८४ मध्ये उपकरणं घ्यायला ते इंग्लंडला गेले. तिथे त्यांची भेट नॉर्मन लॉकयर यांच्याशी झाली. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं, आणि 'नेचर' हे नियतकालिक ज्यांनी सुरू केलं, तेच हे लॉकयर. तिथे मिळालेल्या सल्ल्यावरून बेत बदलला. साधी प्रयोगशाळा नको, ताऱ्यांच्या प्रकाशाचं पृथक्करण करणारी वेधशाळाच उभारायची असं ठरलं. मुंबईपेक्षा पुण्याचं आकाश बरं, म्हणून १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज.

१८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक वर्षं भारतातली सर्वात मोठी दुर्बीण होती. २० इंच म्हणजे साधारण ५१ सेंटिमीटर. फोनच्या कॅमेऱ्याची लेन्स असते काही मिलिमीटरची. दुर्बिणीची किंमत असते ती प्रकाश गोळा करण्याच्या ताकदीला, आणि ती ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते. व्यास दुप्पट केला की प्रकाश चौपट मिळतो.

गुरूच्या विरोधात गेलेली एक रेषा

आता त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट.

तारा, तेजोमेघ किंवा धूमकेतू यांचा प्रकाश लोलकातून गेला की रंगांचा पट्टा पडतो, त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या त्यात ठरावीक जागी रेषा असतात. बारकोड स्कॅन केला की वस्तू कळते, तसंच काहीसं.

लॉकयर यांचा तेव्हा एक मोठा सिद्धांत होता. तेजोमेघ, धूमकेतू, तारे हे सगळं मुळात उल्कांच्या थव्यांतूनच बनलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून ते तेजोमेघांच्या स्पेक्ट्रममधल्या एका ठळक हिरव्या रेषेकडे बोट दाखवायचे. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं, आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे, असं ते सांगत.

हे तपासायचा मार्ग सरळ होता. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूला ठसठशीत असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो. म्हणजे तेजोमेघातली रेषा एका बाजूने धूसर दिसली तर लॉकयर बरोबर, दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली तर चूक.

नायगमवाला यांनी पुण्यातून मृग नक्षत्रातला तेजोमेघ तपासला. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव होती. १८९१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आणला.

विचार करा, वसाहतीतल्या एका कॉलेजचा शिक्षक आणि समोर इंग्लंडमधलं एवढं वजनदार नाव. वेधशाळेची दिशा ठरली तीसुद्धा या माणसाच्या मदतीने. आकडा जरा गोलमोल लिहिला असता तर कोणी विचारलंही नसतं. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. मॅग्नेशियमचा काही संबंधच नव्हता.

२२ जानेवारी १८९८

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून ईशान्येकडे सरकणार होती. लॉकयर स्वतः विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते. तिथले 'साहेबाचे ओटे' त्याचीच आठवण. (हेलियम विजयदुर्गला सापडला असं फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेल. ते बरोबर नाही. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते, विजयदुर्गला ते आले ३० वर्षांनी.)

नायगमवाला यांनी जेऊर निवडलं. सावलीच्या पट्ट्यात येणारं गाव, जानेवारीतलं कोरडं आकाश, आणि मुख्य म्हणजे रेल्वे. जड दुर्बिणी आणि काचेच्या प्लेटा बैलगाडीतून धक्के खात नेण्यापेक्षा स्टेशनवर उतरवणं कधीही बरं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनीही जेऊरच निवडलं आणि तिथे ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा केला. तेव्हा उजनी धरण नव्हतं, खाली नुसती भीमा वाहत होती. पुण्यात मात्र दिवस वाईट होते. १८९७ मध्ये प्लेगने शहर हादरलं होतं आणि जूनमध्ये रँडचा खून झाला होता. त्या वातावरणात ही तयारी चालली होती.

खग्रास अवस्था होती साधारण दोन मिनिटांची. आपण एका सेकंदात दहा फोटो बर्स्टमध्ये काढतो आणि नको ते डिलीट करतो. तिथे प्रत्येक प्लेट हाताने घालायची, उघडायची, मोजून तेवढाच वेळ ठेवायची, झाकायची आणि काढायची. प्रिव्ह्यू नाही. प्लेट चुकली की संपलं, कारण पुढचं ग्रहण कुठल्या देशात असेल ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे अशा मोहिमांत प्रत्येकाला एकच काम दिलं जायचं आणि एक जण मोठ्याने सेकंद मोजायचा. आधी कित्येकदा नुसती रंगीत तालीम चालायची.

त्या दिवशी आकाश स्वच्छ राहिलं. सूर्याच्या कोरोनाचे, म्हणजे बाहेरच्या विरळ आवरणाचे स्पेक्ट्रम प्लेटवर उतरले. नायगमवाला यांचा या मोहिमेवरचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरोनाच्या स्पेक्ट्रममधली हिरवी रेषा तेव्हा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळत नव्हती. १९४० च्या सुमारास उलगडा झाला की ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, म्हणजे कोरोनाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. जेऊरसारख्या ठिकाणी नेमक्या नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून अशी कोडी पुढे सुटू शकली.

पुढे काय झालं?

१९०० नंतर नायगमवाला पूर्णवेळ वेधशाळेचंच काम पाहू लागले. पण ही वेधशाळा एका माणसाच्या जिवावर उभी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण आणि बाकीची उपकरणं कोडाईकनालला गेली. तिथे ती दुर्बीण भावनगर टेलिस्कोप या नावाने ओळखली जाते. नायगमवाला १९३८ मध्ये गेले. पुण्यात त्यांच्या जागी पुढचा माणूस तयार करण्याची व्यवस्थाच झाली नव्हती, आणि त्याची किंमत शहराला मोजावी लागली.

१९६० मध्ये त्याच कोडाईकनालचे संचालक झाले वेणू बाप्पू. त्यांनी १९४९ मध्ये हार्वर्डमध्ये शिकत असताना, रात्री घेतलेल्या एका फोटो-प्लेटवर नवा धूमकेतू शोधला होता. बाप्पू-बोक-न्यूकर्क असं त्याचं नाव.

तुमच्या फोनमध्ये हेच घडतं

पृथ्वी फिरते म्हणून ३० सेकंदांत आकाश साधारण पाव चंद्राएवढं सरकतं. गिल यांना दोन तास प्लेट उघडी ठेवता आली, कारण कॅमेरा ज्या दुर्बिणीवर बांधला होता ती आकाशाबरोबर फिरत होती. तुमचा फोन फिरत नाही. त्यामुळे नाइट मोड वेगळी युक्ती करतो. तो छोटे छोटे बरेच फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवतो आणि बेरीज करतो.

पुढचा तेजस्वी धूमकेतू आला की हे करून बघा :

- सूर्योदयाच्या दीड तास आधी जागेवर पोचा. पूर्वेचं क्षितिज मोकळं हवं. कारखान्याचे दिवे आणि हायवे पाठीमागे राहतील असं बघा.
- ट्रायपॉड नसेल तर फोन दगडाला टेकवा. ३ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाने हलणार नाही.
- प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर, आयएसओ ८०० ते १६००, शटर ४ ते १० सेकंद. सोय असेल तर रॉ फाइल सेव्ह करा.
- एकावर थांबू नका, वीस-तीस फोटो काढा. नंतर स्टॅकिंगच्या अ‍ॅपमध्ये एकत्र करता येतात.
- सूर्य वर यायच्या आत थांबा. दुर्बिणीतून किंवा झूम लेन्समधून चुकूनही सूर्याकडे बघू नका.

आणि एक काम विसरू नका. तारीख, वेळ, जागा आणि सेटिंग लिहून ठेवा. सोशल मीडियावर टाकलेल्या फोटोतून ही माहिती बहुतेक वेळा निघून जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. नायगमवाला यांची वेधशाळा १९१२ मध्येच बंद झाली, तरी जेऊरला त्या दिवशी काय दिसलं ते आज वाचता येतं, कारण त्यांनी ते नीट लिहून ठेवलं होतं.